आधी छप्पर, मग भिंती

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत मकसूद पेंटर राहायचा, आणि त्याचं म्हणणं असं की मराठी अक्षर म्हणजे घर. आधी भिंती उभ्या करायच्या, खिडक्या-दारं बसवायची आणि सगळं झालं की शेवटी वर छप्पर टाकायचं. छप्पर म्हणजे अक्षरांच्या डोक्यावरची आडवी रेघ. गावातले बाकीचे पेंटर गेरूत बुडवलेलं सूत ताणून आधी ती रेघ मारायचे आणि मग तिच्याखाली पहिलीतल्या पोरांसारखं एकेक अक्षर गिरवायचे. मकसूदला त्यांची कीव यायची. तो नुसती बोडकी अक्षरं हारीनं काढत जायचा, आणि शेवटी बोर्डाच्या डाव्या टोकाला उभा राहून, छातीभर श्वास घेऊन, एका दमात रेघ ओढत उजव्या टोकाला पोचायचा. ते बघायला चहावाला चहा गाळायचा थांबायचा. रेघ कधी केसभरही वाकडी झाली नाही. झाली असेल तर तसं सांगणारा कुणी भेटलेला नाही.

स्वतः मकसूद उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. मराठी तो वाचायला शिकला ते ब्रशनंच. त्याला आलेलं पहिलं अख्खं मराठी वाक्य 'येथे लघवी करू नये' हे होतं, आणि ते त्यानं अकरा भिंतींवर इतकं देखणं काढलं होतं की लोक तिथं मुद्दाम थांबून वाचायचे आणि मग जे करायचं ते करायचे. या गोष्टीवर मकसूद पोट धरून हसायचा. हसणं हा त्याचा दुसरा धंदा होता. बायको खातूनबी म्हणायची की मी रंगाला न्हाई, हसण्याला भाळले.

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. किल्लारीकडं जे झालं ती हसत सांगायची गोष्ट नव्हे. लातूर शहर उभं राहिलं, पण शहराच्या पोटात भीती बसली. लोक महिनोन् महिने अंगणात झोपले. घराघरांत भूकंपाची घंटा तयार झाली: उलटा तांब्या, त्यावर पेला, पेल्यावर चमचा. जमीन जरा हलली की सगळं खाली, आणि माणसं बाहेर. खातूनबीनं ही मांडणी बैठकीतल्या टेबलावर केली होती.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी चमचा खणखणला, पाठोपाठ पेला पडला. खातूनबीनं "भूकंप" अशी आरोळी ठोकली आणि मिनिटभरात गल्ली रस्त्यावर आली. समोरची धोंडाबाई पिठाच्या हातांनी, एक मास्तर अर्ध्या दाढीनं, कुणी नातवाला काखेत मारून, कुणी नातू विसरून टीव्ही उचलून. बराच वेळ सगळे जमिनीकडं बघत उभे राहिले. जमीन गप्प. घरात एकटा मकसूद उरला होता. त्याचा उजवा हात टेबलावर पडला होता आणि आपला आपण थरथरत होता. त्यानं उचलला, थांबला. परत ठेवला, परत सुरू. आपल्याच हाताकडं तो पाहुण्याकडं बघावं तसा बघत राहिला.

त्या आठवड्यात पेला आणखी दोनदा पडला. तिसऱ्या वेळी धोंडाबाई कमरेवर हात ठेवून दारात आली.

"मकसूदभाई, हात खिशात ठेवत जा बापा. गल्लीला झोप न्हाई राहिली."

रोगाचं निदानही तिनंच केलं. भूकंप जमिनीतून निघाला आणि पेंटरच्या हातात शिरला. धसका आहे, दुसरं काही नाही. लातुरात त्या काळी हे कुणालाही पटलं असतं, कारण निम्म्या गावाला बसल्या जागी जमीन हलल्यासारखी वाटायची. मग ताईत झाला, लिंबू झालं, कुणी सांगितलं म्हणून कांद्याचा रसही झाला. उपयोग शून्य. एक गोष्ट मात्र मकसूदच्या लवकर ध्यानात आली. हात रिकामा असला की थरथरायचा. ब्रश धरला की शहाण्यासारखा वागायचा. मग काय, तो ब्रश घेऊनच हिंडू लागला. लग्नात ब्रश, मयतीत ब्रश, दवाखान्यात कुणाला भेटायला गेला तरी ब्रश. लोक म्हणायचे, काय धंद्यावर प्रेम आहे या माणसाचं. मकसूद मान डोलवायचा. आतून त्याला हसू फुटायचं.

ते आतच राहायला लागलं, हीच पंचाईत होती. दोनेक वर्षांत त्याचा चेहरा घट्ट होत गेला. आत उकळ्या फुटायच्या आणि बाहेर एक सुरकुती हलायची नाही. साडू त्याच्या घरी येऊन त्याचा सगळ्यात आवडता विनोद सांगून गेला आणि जाताना खातूनबीला म्हणाला, "भाईंना गर्व चढलाय." मकसूद रात्रीपर्यंत मनातल्या मनात त्या विनोदावर हसत होता. पण हे सांगायचं कुणाला आणि कसं, आवाजही आताशा विहिरीतून आल्यासारखा यायचा.

याच वर्षांत लातूरवर क्लासचं पीक आलं. पोरं मेडिकलला लागू लागली, त्यांचे फोटो पेपरात येऊ लागले, आणि अहमदपूरपासून किनवटपर्यंतच्या बापांनी आपापली लेकरं एसटीत बसवून लातूरला पाठवली. ज्याच्याकडं रिकामी खोली होती त्यानं ती सरांना दिली. पिठाच्या गिरणीवर भौतिकशास्त्र, लाकडाच्या वखारीत रसायनशास्त्र. एका ठिकाणी गणिताचा वर्ग गोठ्यात भरायचा आणि म्हैस मागच्या बाकावर असायची. आणि प्रत्येक सरांना बोर्ड हवा, शेजारच्या सरांपेक्षा मोठा. मकसूदला जेवायला सवड नव्हती. चेहरा गंभीर असल्यानं सर लोकांमध्ये त्याचा मानही वाढला होता.

तेवढ्यात एका बोर्डाचा घोटाळा झाला. अनंतराव सर जीवशास्त्र शिकवायचे. तापट, पण शिकवायला एक नंबर. त्यांनी बोर्ड सांगितला, 'मेडिकल प्रवेशाची संपूर्ण हमी'. मकसूदनं नेहमीसारखा बिनसुताचा काढला, छप्पर ओढलं आणि पाठवून दिला. 'मेडिकल' हे टरबुजाएवढं झालं होतं, 'प्रवेशाची' लिंबाएवढं, 'संपूर्ण' बोराएवढं, आणि 'हमी' एवढी बारीक की वाचायला शिडी लागावी. समोरच्या क्लासवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी उठवलं की अनंतराव सर हमी देतात, पण नीट बघा, बारीक अक्षरात देतात. उदगीरचा एक पालक तर सरांना म्हणाला, "मेडिकल मोठं दिसतंय सर, पण हमीचं काय?"

सर बोर्ड डोक्यावर धरून गल्लीत आले.

"मकसूदभाई, ही काय थट्टा आहे?"

मकसूदनं बोर्ड बघितला. खरं सांगायचं तर त्यानं तो पहिल्यांदाच लांबून बघितला. 'हमी' बघून त्याला आत असं हसू आलं की छाती दुखली. चेहरा दगड. सर भडकले.

"वर तोंड असं करून बघता? लाज तरी—"

आणि सर मधेच थांबले. मकसूदनं ब्रश खाली ठेवला होता आणि त्याचा अंगठा पहिल्या बोटावर घासत होता, गोळी वळल्यासारखा. सरांनी बोर्ड भिंतीला टेकवला. खिशातून पेन काढलं, धोंडाबाईच्या दारातलं कॅलेंडर मागून आणलं आणि ते उलटं करून मकसूदपुढं धरलं.

"इथं 'लातूर' लिहा. दहा वेळा."

पहिलं लातूर ठीक होतं. पाचवं मुंगीएवढं. दहावं म्हणजे नुसता ठिपका.

सरांनी कॅलेंडर बाजूला ठेवलं. मग खाली बसले आणि एकदम मऊ आवाजात बोलले. "मी दरवर्षी पोरांना मेंदूचा धडा शिकवतो हो. आणि माझ्या डोळ्यांदेखत तुमच्या चेहऱ्यावर तो धडा होता, मी भांडत बसलो. हा धसका नाही. मी पुस्तकातला माणूस, नाव डॉक्टर सांगतील. उद्या चला माझ्याबरोबर."

मेंदूचे डॉक्टर सोलापूरहून आठवड्यातून एकदा यायचे. त्यांनी मकसूदला चालायला लावलं, हात उघड-मिट करायला लावला, चुटक्या वाजवायला लावल्या, आणि नाव सांगितलं: पार्किन्सन. मेंदूत एक रस बनतो, हातापायांना चला-हला म्हणून सांगणारा. तो तुमच्यात कमी बनतो. भूकंपानं नाही, भीतीनं नाही, कुणाच्या नजरेनं नाही, आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बरा होत नाही, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. पण सांभाळता येतो. गोळ्या घड्याळ लावून घ्यायच्या, जेवणाच्या अर्धा तास आधी. रोज चालायचं, पावलं लांब टाकायची, मोठ्यानं बोलायचं. सगळं मोठं करायचं, डॉक्टर म्हणाले. हा आजार माणसाला बारीक करत नेतो.

घरी येऊन खातूनबीनं धोंडाबाईला सांगितलं, "पारकिसन म्हणून राहिले डॉक्टर."

धोंडाबाई विचारात पडली. "पारचा किसन? मांजरा नदीपारचा? त्याचं काय वाकडं केलं होतं भाईंनी?"

त्या दिवसापासून गल्लीत आजाराचं नाव किसन पडलं ते पडलंच. सकाळी दूधवालासुद्धा विचारायचा, किसन कसा आहे आज? खातूनबी सांगायची, पहाटे लई तरास दिला, गोळी गेली की गप बसला. मकसूदला हे फार आवडलं. आजाराला शिव्या देता येत नाहीत. किसनला देता येतात.

गोळ्यांनी हात मोकळा झाला, चाल सुधारली. अक्षरं मात्र बारीकच व्हायची. आणि मकसूदला एवढ्या एका गोष्टीची भीती होती. थरथर चालेल, चेहऱ्याचा दगड झाला तर होऊ दे, पण अक्षर गेलं तर आपण कोण? भूकंपानंतरच्या सहाव्या वर्षी, दहावीचा निकाल आठवड्यावर आला तेव्हा तो स्वतःच सरांकडं गेला. क्लासला रस्त्याच्या कडेनं चाळीस फुटांची भिंत होती, छातीएवढी उंच, शिडी नको की काही नको.

"बोर्ड माझ्याकडून बिघडला सर. ही भिंत मी करून देतो."

सर घुटमळले. निकालाच्या सकाळी गावोगावच्या एसट्या याच रस्त्यानं येणार होत्या. "करा," शेवटी ते म्हणाले. "पण नाही जमलं तर सांगा. नांदेडच्या एका पेंटरला बोलून ठेवलंय."

लातूरच्या भिंतीवर नांदेडचा पेंटर. मकसूदनं मनाशी ठरवलं की भिंतीवर अक्षर बारीक झालं तर ब्रश धुऊन कायमचे माळ्यावर टाकायचे. हे त्यानं खातूनबीलाही सांगितलं. तिला माहीत होतं की हा माणूस बोलला तसं करतो.

सोमवारी सकाळी त्यानं सुरुवात केली. 'प्रा. अनंतराव यांचे जीवशास्त्र, अकरावी-बारावी, प्रवेश सुरू'. बिनसुताचं, जसं आयुष्यभर काढलं तसं. काढताना वाटत होतं की अक्षरं चांगली ऐसपैस येताहेत. मागं सरकून बघितलं तर सगळा मजकूर अर्ध्या भिंतीत आटोपला होता आणि शेवटचं 'सुरू' नखाएवढं. शेजारच्या गिरणीचा भीमाशंकर पिठानं पांढरा होऊन दारात उभा होता.

"का हो पेंटर, सरांनी अर्धी भिंत भाड्यानं द्यायची काढली का?"

मकसूदनं चिंधी घेतली आणि सगळं पुसलं. घरी आला तो उंबऱ्यातच अडकला. हे अलीकडं व्हायचं. दार आलं की पाय जमिनीला चिकटायचे, वरचं अंग पुढं जायचं आणि पाय मागं. आज तर हलेनातच. खातूनबी आतून बघत होती. तिच्या मनात दुसरंच काही आलं. काल हाच माणूस गल्लीतल्या पोरींनी आखलेल्या ठिकरीच्या चौकोनांवरून टणाटण चालत आला होता, एकेक रेघ ओलांडत, जसा काही खेळायलाच निघाला होता. तिनं खडू उचलला आणि उंबऱ्याच्या आत-बाहेर चार आडव्या रेघा मारल्या.

"रेघ ओलांडा. उंबरा बघू नका."

मकसूदनं रेघ ओलांडली. दुसरी ओलांडली. घरात आला. मग तो पुन्हा बाहेर गेला आणि पुन्हा आत आला. चार वेळा. पाचव्यांदा खातूनबी म्हणाली,

"पायाला रेघ पायजे, तर हातालाबी पायजे असंल. उद्या सूत मारा. आधी वरची रेघ, मग खालची, अन् मधी अक्षरं."

"आधी छप्पर?" मकसूद म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज शेजारी ऐकू गेला. "अन् भिंती नंतर? असं घर कोण बांधतं? मी काय पहिलीतलं पोरगं हाय?"

"घराचं मला कळत न्हाई. मी रोज कपडे वाळू घालते. आधी दोरी बांधते का आधी कपडे टाकते?"

मकसूद संध्याकाळपर्यंत फुगून बसला. तीस वर्षं ज्या पेंटरांची कीव केली त्यांच्या रांगेत जाऊन बसायचं होतं, आणि हे काही खडूच्या चार रेघांइतकं सोपं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोळी घेऊन अर्ध्या तासानं दोघं भिंतीशी आली. नकाब मागं टाकून खातूनबीनं सुताचं एक टोक धरलं, दुसरं त्यानं. टण्ण. भिंतीवर लाल रेघ उमटली. टण्ण. खाली दुसरी. मकसूदनं ब्रश बुडवला. पहिला 'प्र' रेघेला टांगला.

"मोठं," खातूनबी म्हणाली.

"प्रा. मोठं," तो म्हणाला, डॉक्टरांनी सांगितल्यासारखं, खड्या आवाजात. "अ. मोठं. नं. मोठं."

क्लास सुटला आणि पन्नास-साठ पोरं बाहेर आली. त्यांना काय, निमित्तच हवं होतं. एक अक्षर झालं की सगळी पोरं एका सुरात "मोठं". किनवटचं एक पोर तर दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला लागलं. धोंडाबाई भाजीची पिशवी घेऊन तिथंच ठाण मांडून बसली आणि किसनला नावं ठेवू लागली. मकसूदच्या अंगात वारं शिरलं. वर-खाली सुताची हद्द होती, तर अक्षरं अंगानं सुटली. 'जीवशास्त्र' ओलांडता ओलांडता निम्मी भिंत सरली. 'बारावी' तर गाभण म्हशीसारखी पसरली. त्याचे डोळे नुसते पुढच्या अक्षरावर होते. हात खांद्यापासून फिरत होता, पाय आपोआप सरकत होते, आणि आत असा आनंद मावत नव्हता की त्याला वाटलं, आता हे कुठून तरी फुटून बाहेर येणार. 'प्रवेश'. मोठं. 'सु'. मोठं.

आणि भिंत संपली.

पोरं गप्प झाली. 'सु'च्या उकाराला लागून भिंतीचा कोपरा होता, आणि कोपऱ्याला लागून भीमाशंकरच्या गिरणीची भिंत. मकसूदनं ब्रश पुन्हा बुडवला. मग तसाच कोपरा वळला आणि 'रू' गिरणीवर काढला. चांगला कलिंगडाएवढा.

सर धावत आले. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं, मग कोपऱ्याच्या पलीकडं बघितलं. "मकसूदभाई, हे काय झालं?"

"भिंत तोकडी हाय सर," मकसूद म्हणाला.

चेहरा दगडच. पण त्याचे खांदे गदगदा हलत होते, पोट हलत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आता कुणालाच शंका राहिली नाही की हा माणूस हसतो आहे. आधी खातूनबीला हसू फुटलं. मग सरांना, सर भिंतीला टेकून हसले आणि त्यांच्या सदऱ्यावर 'बारावी' उमटली. मग तर काय, रस्ता हसला.

गिरणीतून भीमाशंकर आला. "हे 'रू' कुणाचं माझ्या भिंतीवर?"

"पुसून देतो," सर डोळे पुसत म्हणाले. "आत्ता पुसून देतो."

"थांबा हो." भीमाशंकर 'रू'कडं कंबरेवर हात ठेवून बघत होता. रंग ओला होता, चमकत होता. गिरणीला वीस वर्षांत नाव नव्हतं, कुणी ठेवलंच नव्हतं. "पुसू नका. माझ्या मायचं नाव रूपाबाई. 'रू' आयतंच आलंय, पुढचं तेवढं काढून द्या. तुमचंबी चालंल, माझंबी चालंल."

मकसूदनं हातातल्या ब्रशाकडं बघितलं. तो आज माळ्यावर जायचा नव्हता, उद्याही नव्हता. किसन घरात राहणार होता, जन्मभर राहणार होता, आणि डॉक्टरांनी तेही सांगितलं होतं की तो पुढं अजून हातपाय पसरेल. मकसूदला हे सगळं माहीत होतं आणि तरी त्या क्षणी त्याच्याइतका खुशीत असलेला माणूस लातुरात दुसरा नव्हता.

"पुढच्या गोळीला किती येळ हाय?" त्यानं विचारलं.

खातूनबीनं घड्याळ बघितलं. "तास हाय. दमला न्हाईत?"

"दमलो की," तो म्हणाला आणि सुताचं टोक तिच्या हातात दिलं. "जा त्या कोपऱ्याला, अन् चांगलं ताणून धर. कुणाच्या मायचं नाव हाय, मोठं आलं पायजे."